आवडत्या चित्रपटाची लँड पार्कमध्ये येणार का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, डिस्नेलँड आणि युनिव्हर्सल ऑर्लँडोमध्ये पुढची लँड कुठल्या चित्रपटाची, यावर चाहते वर्षभर तर्क लढवत असतात. यातले बरेच तर्क पोस्टरवरून सुरू होतात आणि पोस्टरवरच संपतात. हक्क, जमीन आणि गर्दीचे गणित या तीन गोष्टी हाताशी घेतल्या, तर तोच तर्क कितीतरी अचूक होतो. उदाहरणे मुख्यतः फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातली आहेत.

एखाद्या चित्रपटाची राइड आली म्हणजे लँड आली, असे म्हणता येईल का?

नाही. अफवा पसरताना सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. लँड म्हणजे राइड, खाण्याची जागा, दुकान, रस्ते, संगीत, झाडे आणि कर्मचाऱ्यांचे पोशाख हे सगळे एकाच जगातले असलेला पार्कचा भाग. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या एपकॉट पार्कात २०१६ साली ‘फ्रोझन’ची बोटराइड आली, पण ती नॉर्वे पॅव्हेलियनमधल्या जुन्या बोटराइडच्या इमारतीत बसवली होती. ती लँड नव्हती. ‘फ्रोझन’ची पूर्ण लँड २० नोव्हेंबर २०२३ रोजी हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये उघडली. “अमुक चित्रपट येतोय” असे कानावर आले, की राइड, लँड, रंगमंचावरचा खेळ की नुसते पात्रांना भेटण्याचे ठिकाण, हे आधी विचारावे. खर्चात आणि जागेत या चौघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

चित्रपट डिस्नेच्याच मालकीचा असेल, तर हक्कांची अडचण कशी येईल?

मालकी आणि पार्कमध्ये वापरण्याचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. मार्व्हलचे उदाहरण प्रत्येक चाहत्याने नीट समजून घ्यावे, कारण दर महिन्याला निघणाऱ्या निम्म्या अफवा या एकाच कराराला आपटून फुटतात.

१९९४ साली मार्व्हलने युनिव्हर्सलची तेव्हाची मालक कंपनी एमसीए हिच्याशी करार केला. त्या आधारे १९९९ मध्ये युनिव्हर्सल ऑर्लँडोच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर पार्कात मार्व्हलची लँड उघडली. डिस्नेने मार्व्हल विकत घेतले ते २००९ मध्ये, म्हणजे करारानंतर पंधरा वर्षांनी. कंपनी विकली गेली तरी करार जिवंत राहिला. त्याची प्रत अमेरिकी शेअर बाजार नियामकाकडे दाखल आहे, त्यामुळे ती कुणालाही वाचता येते.

त्यातली मुख्य रेषा मिसिसिपी नदीची आहे. नदीच्या पूर्वेला, युनिव्हर्सल वापरत असलेली पात्रे दुसऱ्या थीम पार्कला वापरता येत नाहीत. ‘वापरत असलेली’ या शब्दांची व्याख्याही रुंद आहे. एखादे पात्र आकर्षणाचा ठळक भाग असेल, पोशाख घालून पाहुण्यांना भेटत असेल किंवा दुकान-उपाहारगृहाच्या सजावटीत ठळक असेल, तर त्याचे सगळे ‘कुटुंब’ अडकते. ॲव्हेंजर्समधला एक अडकला की सगळे ॲव्हेंजर्स अडकले. जी पात्रे मोकळी आहेत त्यांच्या आकर्षणाच्या नावात आणि जाहिरातीतही ‘मार्व्हल’ हा शब्द घालता येत नाही.

हे कळले की नकाशा आपोआप उलगडतो. कॅलिफोर्निया नदीच्या पश्चिमेला, म्हणून ॲव्हेंजर्स कॅम्पस ४ जून २०२१ रोजी डिस्ने कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये उघडू शकला. फ्लोरिडात गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी हे कुटुंब मोकळे होते, म्हणून २७ मे २०२२ रोजी एपकॉटमध्ये त्यांचा रोलर कोस्टर आला, आणि त्याच्या नावात ‘मार्व्हल’ नाही. “ऑर्लँडोच्या डिस्ने पार्कात स्पायडर-मॅनची लँड” असे कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर करारातले कोणते कलम बदलले हे त्याने सांगायला हवे.

परक्या स्टुडिओचा चित्रपट पार्कमध्ये येऊ शकतो का?

नक्कीच, आणि अशाच सौद्यांतून सर्वात मोठे बदल झाले आहेत. हॅरी पॉटरचे चित्रपट वॉर्नर ब्रदर्सचे, पण लँड उभी राहिली युनिव्हर्सलच्या पार्कात. ‘अवतार’ची घोषणा सप्टेंबर २०११ मध्ये झाली तेव्हा तो फॉक्सचा चित्रपट होता. डिस्नेने फॉक्स ताब्यात घेतले ते मार्च २०१९ मध्ये, लँड उघडल्यानंतर जवळपास दोन वर्षांनी. उलट बाजूचे उदाहरण सिम्पसन्सचे. ती मालिका फॉक्ससोबत डिस्नेकडे गेली, तरी युनिव्हर्सलमधली २००८ सालची राइड त्या व्यवहाराने बंद पडली नाही.

परक्या चित्रपटाबाबत हक्कांची साखळी कडी-कडीने तपासावी लागते. मध्य-पृथ्वीच्या, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या जगातल्या कथांचे पाहा. त्या पुस्तकांवर आधारलेले चित्रपट, व्यापारी वस्तू आणि थीम पार्क यांचे हक्क मिडल-अर्थ एंटरप्रायझेसकडे होते, आणि ती कंपनी २०२२ मध्ये एम्ब्रेसर समूहाने घेतली. पण चाहत्याच्या मनात जी लँड असते ती पडद्यावर पाहिलेली असते. पडद्यावरची वास्तू, वेशभूषा, नटांचे चेहरे आणि पार्श्वसंगीत यांसाठी चित्रपट काढणाऱ्या स्टुडिओकडे आणि कलावंतांकडे वेगळे जावे लागते. एका सहीवर काम भागत नाही, आणि अफवांमध्ये बहुधा एकाच सहीचा उल्लेख असतो.

इतक्या मोठ्या मोकळ्या आवारात जागेची अडचण कशी असेल?

‘कार्स’ची कार्स लँड १२ एकर, ‘अवतार’ची पँडोरा १२ एकर, स्टार वॉर्सची गॅलेक्सीज एज १४ एकर. म्हणजे मोठी लँड साधारण ४८,००० ते ५७,००० चौरस मीटर खाते. एवढी जागा चार मार्गांनी मिळते: जुनी लँड पाडून, वाहनतळ किंवा कर्मचाऱ्यांची मागची जागा घेऊन, पाणी बुजवून किंवा पार्कची हद्द बाहेर ढकलून.

युनिव्हर्सलमधली हॅरी पॉटरची दुसरी लँड, डायगॉन ॲली, पहिल्या मार्गाने आली. ‘जॉज’ ही राइड २ जानेवारी २०१२ रोजी शेवटची चालली आणि ८ जुलै २०१४ रोजी तिथे नवी लँड उघडली. पँडोरासाठी वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या ॲनिमल किंगडम पार्कातला कॅम्प मिनी-मिकी हा भाग गेला. गॅलेक्सीज एजसाठी डिस्नेलँडमधली नदी आखूड करून वळवावी लागली आणि आगगाडी जानेवारी २०१६ पासून जुलै २०१७ पर्यंत बंद राहिली. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्याच मॅजिक किंगडम पार्कातल्या नदीचा आणि टॉम सॉयर बेटाचा शेवटचा दिवस ६ जुलै २०२५ होता. त्या जागी ‘कार्स’वर आधारलेला भाग ठरला आहे.

उपग्रहाच्या चित्रात झाडी दिसली म्हणून ती जागा मोकळी समजू नये. फ्लोरिडात जमिनीखाली थोड्याच खोलीवर पाणी लागते. मॅजिक किंगडममधले कर्मचाऱ्यांचे भुयारी रस्ते प्रत्यक्षात जमिनीच्या पातळीवर आहेत आणि पाहुणे त्यांच्या वरच्या मजल्यावर चालतात, ते याच कारणाने. जिथे नवे काँक्रीट पडेल तिथले पावसाचे पाणी साठवायला तळे लागते. पाणथळ जागेला हात लावायचा तर वेगळी परवानगी आणि भरपाई लागते. हिरवा पट्टा खरोखर मोकळा आहे की पाणी जिरवायला राखलेला आहे, हे निचऱ्याच्या जुन्या नकाशांत दिसते.

कुठले सरकारी कागद पाहावेत आणि ते कसे वाचावेत?

कामाचे कागद तीन प्रकारचे आहेत.

पहिला निचऱ्याचा परवाना. मध्य फ्लोरिडात तो साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्टकडे दाखल होतो. पावसाचे पाणी कुठून कुठे जाईल हे दाखवायचे, तर इमारतींच्या कडा, रस्ते आणि तळी काढावीच लागतात. त्यामुळे राइडचे नाव कुठेही नसले तरी इमारतीचा आकार मिळतो. नकाशावर आधी प्रमाणपट्टी शोधा, मग अस्तित्वातली एखादी इमारत मोजून ती बरोबर आहे का पाहा, आणि त्यानंतरच नव्या आकाराचे क्षेत्रफळ काढा. ही पडताळणी टाळल्यामुळे लहानशा स्वयंपाकघराची ‘भव्य डार्क राइड’ (बंद, अंधाऱ्या इमारतीतली राइड) झाल्याचे वारंवार दिसते. एकाच अर्जाच्या अनेक आवृत्त्या निघतात, म्हणून तारीख नेहमी लिहून ठेवावी.

दुसरा ‘नोटिस ऑफ कमेन्समेंट’, म्हणजे काम सुरू करण्याची नोंद. ती काउंटीच्या दफ्तरात होते. त्यात मालक, कंत्राटदार, जागेचा पत्ता आणि कामाचे वर्णन असते. वर्णन मुद्दाम मोघम ठेवतात, ‘सर्वसाधारण बांधकाम’ इतकेच. खरी माहिती पत्त्यात आणि कंत्राटदाराच्या नावात असते. विशेष सजावट करणारा कंत्राटदार दिसला तर दर्शनी काम आहे, विजेचा दिसला तर कदाचित नुसती वायर बदलायची आहे. नोंदीत वेगळी मुदत लिहिली नसेल, तर ती एका वर्षाने संपते. या मुदतीला लँड उघडण्याची तारीख समजणे ही नेहमीची चूक आहे.

तिसरा बांधकाम परवाना आणि जमीन वापराचा निर्णय. वॉल्ट डिस्ने वर्ल्डसाठी हे काम १९६७ पासून रीडी क्रीक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट पाहत असे. २०२३ मध्ये त्याचे नाव सेंट्रल फ्लोरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट झाले. जुन्या परवान्यांचा शोध घेताना दोन्ही नावे टाकावीत. कॅलिफोर्नियात ॲनाहाइम नगर परिषदेने मे २०२४ मध्ये डिस्नेलँडफॉरवर्ड आराखडा अंतिम मंजूर केला, त्यात दहा वर्षांत किमान १.९ अब्ज डॉलर गुंतवण्याची अट आहे. त्या मंजुरीने कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरले. अमुक चित्रपटाची लँड येईल, हे त्या कागदात शोधू नये.

ट्रेडमार्कचा अर्ज सापडला. आता तर नक्की ना?

अर्जातला वर्ग क्रमांक पाहा. ४१ म्हणजे मनोरंजन सेवा, ज्यात पार्क येतात. २५ म्हणजे कपडे, २८ म्हणजे खेळणी. फक्त २५ आणि २८ असतील तर ती बहुधा दुकानातली माल-मालिका आहे. अमेरिकेत ‘वापरण्याचा इरादा’ एवढ्यावरही अर्ज करता येतो. मंजुरीची सूचना आल्यानंतर वापर सिद्ध करायला मुदतवाढी धरून ३६ महिने मिळतात, त्यामुळे कंपन्या चार-पाच नावे राखून ठेवतात आणि एकच वापरतात.

पेटंटचे वजन याहून कमी. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, म्हणजे आज दिसणारी कल्पना दीड वर्ष जुनी असते, आणि बहुतेक कल्पनांचे पुढे काहीच बांधले जात नाही.

‘ब्लू स्काय’, म्हणजे अजून न ठरलेली कल्पना, म्हणून दाखवलेल्या चित्रावर किती विश्वास ठेवावा?

त्याला दिशादर्शक म्हणून घ्यावे, आराखडा म्हणून नव्हे. डी२३ या डिस्नेच्या चाहत्यांसाठीच्या मेळाव्यात २०२२ मध्ये ॲनिमल किंगडममधल्या डायनोलँडच्या जागी ‘झूटोपिया’ आणि ‘मोआना’ कसे दिसतील ते दाखवले होते. वर्षभरातच चर्चा ‘एन्कान्टो’ आणि इंडियाना जोन्सकडे वळली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तीच जागा ट्रॉपिकल अमेरिकाज म्हणून जाहीर झाली. चित्रपट बदलले, पण जागा तीच राहिली. डायनोलँड जाणार, हा त्या पहिल्या चित्रातला खरा निरोप होता आणि तो ज्यांनी वाचला त्यांचा अंदाज बरोबर ठरला.

इंडियाना जोन्सची निवडही आकाशातून पडलेली नाही. डायनोलँडमधली ‘डायनोसॉर’ राइड आणि डिस्नेलँडमधली १९९५ ची इंडियाना जोन्स राइड यांची गाडी-यंत्रणा एकाच जातीची. इमारत, रूळमार्ग आणि यंत्रे हाताशी असताना कुठली कथा स्वस्तात बसते, हा प्रश्न चाहत्यांनी आधी विचारायला हवा होता.

अधिकृत घोषणा झाली की ते होणारच, असे धरावे का?

होण्याची शक्यता बरीच वाढते, पण खात्री नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एपकॉटसाठी मेरी पॉपिन्सचे आकर्षण जाहीर झाले होते, ते उभे राहिले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये डिस्नेलँड पॅरिसच्या दुसऱ्या पार्कासाठी मार्व्हल, फ्रोझन आणि स्टार वॉर्स अशा तीन भागांची घोषणा झाली. स्टार वॉर्सचा भाग यादीतून गळला आणि २०२४ मध्ये त्याच पार्कासाठी ‘लायन किंग’चा भाग जाहीर झाला.

घोषणेचे शब्द मोजून वाचावेत. उघडण्याचे वर्ष दिले आहे का? काय बंद होणार आणि कधी, हे सांगितले आहे का? आमच्या मते दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. चालू राइड बंद केली की पाहुण्यांची सोय कमी होते, म्हणून कंपनी ती तारीख उगाच देत नाही.

घोषणेपासून उघडेपर्यंत किती वर्षे धरावीत?

चार ते सहा. हॅरी पॉटरची पहिली लँड मे २००७ मध्ये जाहीर झाली आणि १८ जून २०१० ला उघडली. हा वेग अपवादात्मक आहे, आणि त्याचे एक कारण असे, की दोन रोलर कोस्टर आधीच उभे होते, त्यांचे नाव आणि साज बदलला. पँडोराला सप्टेंबर २०११ ते मे २०१७ इतका काळ लागला, आणि त्यातले बांधकाम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाले. गॅलेक्सीज एज ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर होऊन ३१ मे २०१९ ला उघडली, तेव्हा तिची एकच राइड तयार होती. कॅलिफोर्नियात दुसरी सुरू झाली ती १७ जानेवारी २०२० रोजी. शांघायच्या झूटोपियाला जवळपास पाच वर्षे लागली, टोकियो डिस्नेसीच्या फँटसी स्प्रिंग्जला सहा. युनिव्हर्सल ऑर्लँडोचे नवे पार्क, एपिक युनिव्हर्स, ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झाले, मध्ये महामारीने काम थांबले, आणि पार्क २२ मे २०२५ ला उघडला.

चित्रपटाच्या प्रदर्शनापासून मोजले तर अंतर आणखी वाढते. ‘कार्स’ २००६, लँड २०१२. ‘अवतार’ २००९, लँड २०१७. ‘झूटोपिया’ २०१६, लँड २०२३. ‘हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ २०१०, लँड २०२५. गेल्या महिन्यात गाजलेल्या चित्रपटाची लँड दोन वर्षांत मागणाऱ्याने हे आकडे समोर ठेवावेत. कंपनी पहिल्या आठवड्याच्या कमाईपेक्षा हे पाहते, की पाच-सहा वर्षांनी जन्मलेली मुले तो चित्रपट घरी पुन्हा पुन्हा लावतात का.

गर्दीचे गणित कसे मांडतात?

तासाला किती माणसे बसतात, या एका आकड्यापासून सुरुवात करा. ८ जणांची गाडी दर १५ सेकंदांनी सुटली, तर तासाला २४० गाड्या आणि १,९२० माणसे. चढ-उताराला उशीर होऊन तीच गाडी २० सेकंदांनी सुटू लागली तर १,४४० उरतात. बारा तासांच्या दिवसात ५,७६० माणसांची तफावत पडते, आणि ती सगळी रांगेत उभी राहते.

उशीर कुठे होतो हेही ठरलेले आहे: सुरक्षापट्टा तपासणे, पिशव्या ठेवणे, चाकाच्या खुर्चीतून उतरून बसणे. यावर उपाय म्हणजे चढण्यासाठी वेगळा फलाट, सरकता पट्टा आणि एकट्या पाहुण्यांची वेगळी रांग. चौघांच्या ओळीत तिघांचे कुटुंब बसले की एक जागा रिकामी जाते, ती ही रांग भरून काढते. चाहत्यांनी स्वतः काढलेल्या आराखड्यांत राइडची कथा पानभर असते आणि फलाट कुठेच नसतो. खरे तर इमारतीचा आकार ठरवण्यात फलाटाचा मोठा हात असतो.

आमच्या आराखड्यात २५० फुटांचा बुरूज आहे. चालेल?

अमेरिकेत २०० फुटांहून उंच बांधकामावर विमानांसाठी इशाऱ्याचे दिवे लावण्याची अपेक्षा असते. लाल दिवा लुकलुकला की किल्ल्याची जादू गेली. म्हणून वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधली टॉवर ऑफ टेरर ही राइड १९९ फुटांवर आणि तिथल्याच एव्हरेस्ट राइडचा डोंगर १९९.५ फुटांवर थांबतो. उंचीचा भास हवा असेल, तर वरच्या खिडक्या आणि दगड क्रमाक्रमाने लहान करत न्यावेत.

स्वतःचा आराखडा मांडायचा असेल तर कुठल्या क्रमाने काम करावे?

आधी खऱ्या पार्कच्या नकाशावर जागा आखून एकरात मोजा. मग तिथले आज काय जाते आणि त्याची तासाची क्षमता किती होती ते लिहा. नव्या लँडने तेवढी तरी परत दिली पाहिजे. त्यानंतर इमारती ठेवा. राइडची मोठी पेटीसारखी इमारत पाहुण्याच्या नजरेआड, कडेला. तिचा दरवाजा लँडमध्ये आणि पाठ कर्मचाऱ्यांच्या रस्त्याला. अग्निशमनाची गाडी, स्वयंपाकघराचा माल आणि कचरा यांचा रस्ता पाहुण्यांच्या रस्त्याला कापू नये. ये-जा करायला किमान दोन वाटा ठेवा, नाहीतर संध्याकाळी खेळ सुटला की तोंडाशी कोंडी होते.

१२ एकरांतले साधारण एक पंचमांश क्षेत्र चालण्यासाठी धरले तर ९,७०० चौरस मीटर मिळतात. माणशी २ चौरस मीटर दिले तर एका वेळी ४,८५० माणसे मोकळी फिरू शकतील. राइड, रांग, खेळ आणि उपाहारगृहात आणखी किती जण असतील ते वेगळे मिळवा. हे झाल्यावर सावली, प्रसाधनगृहे आणि लहान मुलांना उंचीची अट नसलेले एक तरी आकर्षण आहे ना, ते पाहा.

कथा सगळ्यात शेवटी लिहावी, असे आमचे म्हणणे नाही. पण चित्रपटातला कोणता कोपरा निवडायचा, हे जागेवरून ठरवावे. ज्या चित्रपटात लोकांना राहावेसे वाटणारे गाव, गल्ली किंवा दरी आहे, त्याचीच लँड चांगली होते. नुसता नायक लोकप्रिय असेल तर त्याला एक राइड पुरते.

“आतली खबर” सांगणाऱ्याला कसे तोलावे?

त्याने आधी सांगितलेल्या गोष्टींची तारखेसह यादी करा आणि किती खऱ्या झाल्या ते मोजा. “काहीतरी मोठे येतेय” हे वाक्य यादीत धरू नका, कारण ते कधीच खोटे ठरत नाही. जागा, बंद होणारी राइड आणि अंदाजे वर्ष, यांपैकी दोन तरी गोष्टी सांगितल्या असतील तरच ती नोंद करावी. दहा ठिकाणी तेच वाचले तर मूळ एकच आहे का ते पाहा. बहुतेक वेळा असतेच.

आणि कर्मचाऱ्यांना यात ओढू नये. त्यांनी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. राइडच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला खोदून विचारण्याने त्याची नोकरी धोक्यात येते.

जुनी आवडती राइड पाडली जाणार, अशी बातमी आहे. जपून ठेवण्यासारखे काय करता येईल?

बंद होण्याची तारीख जाहीर झाली की शेवटचा आठवडा टाळून त्याआधी जा. शेवटच्या दिवसांत रांगेतच दिवस जातो. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कातला मपेट्सचा त्रिमिती खेळ ७ जून २०२५ रोजी संपला. तिथे ‘मॉन्स्टर्स, इन्क.’ची लँड येते आहे. असा खेळ नोंदवायचा असेल तर रांगेतल्या पाट्या, भिंतीवरची चित्रे आणि वाट पाहण्याच्या दालनातले संगीत यांना आधी वेळ द्या. पडद्यावरचा भाग अनेकांनी टिपलेला असतो, या बारीकसारीक गोष्टी मात्र पहिल्याच आठवड्यात उतरवल्या जातात. फ्लॅश वापरू नका. आवाज वेगळा नोंदवा, आणि प्रत्येक छायाचित्राला तारीख आणि जागा लिहून ठेवा.